मतांआधीची पंगत

श्रीखंडातल्या जायफळाचा वास आला, की मला कल्याणातली ती म्युनिसिपालिटीची निवडणूक आठवते. सासरे उभे होते. गावच्या तळ्यातला गाळ काढायचा, एवढाच त्यांचा ध्यास. मतदार म्हणजे घरपट्टी भरणारी मूठभर मंडळी. "आधी जेवू घाला, खाल्ल्या मिठाला जागतील," हा शहाणपणा माझा. मतांच्या दिवशी सकाळीच केळीची पानं मांडली, श्रीखंडाचा आग्रहही मीच केला. वर चैत्रातलं ऊन आणि हातात विडा. "जरा पाठ टेकतो, मग कचेरीत जाऊन मत देतो," म्हणत मंडळी ओटीवर आडवी झाली. मंडळींना वेळेवर उठवायचं काम माझ्याकडे होतं. मला जाग आली ती सासऱ्यांच्या आवाजानं. "जावईबापू, आता निवांत झोपा. कचेरी बंद झाली!" सासरे दोन मतांनी पडले. ओटीवर आम्ही अकरा जण होतो. गाळ अजून तळ्यातच आहे, म्हणून यंदा मीच उभा राहतो म्हटलं, तर बायको म्हणाली, "अहो, राहा की! पण मतं पडेपर्यंत या घरात चूल पेटणार नाही."