सुई वाया जाऊ नये म्हणून
मंगळवार पेठेतून जाताना ताज्या दुधाचा वास आला, की दूधकट्ट्यावरची ती संध्याकाळ आठवते. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. सासरचे म्हणाले, पोरगी अंगानं भरलीय. म्हणून मीच तिला वजन उतरवायची हार्मोनची इंजेक्शनं सुरू करून दिली. सोबत दिवसभरात दोन फुलके आणि काकडी, बस्स. ती भराभर उतरली आणि घरात सुईचं कौतुक झालं. कट्ट्यावर गवळ्यानं म्हशीची धार थेट पेल्यात काढून पुढं केली. “घ्या की ताई, फेस बसायच्या आत.” तिनं माझ्याकडं बघितलं. “दादा, अर्धाच?” “नको, सुई वाया जाईल,” मी म्हणालो. पेला परत देतानाच ती कोसळली. दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सुईनं वजन उतरत नाही. पोरगी उपासमारीनं वाळलीय, हृदयाचे ठोके चुकतायत.” ती वाचली. शुद्धीवर येताच म्हणाली, “दादा, मीच कमी पडले न्हवं?” मी नुसतं तिचं पांघरूण नीट केलं. परवा तिनं फोन करून नणंदेसाठी त्याच सुईची चौकशी केली, तेव्हा मी पहिल्यांदा खरं सांगितलं. ती म्हणाली, “तुला कधी कळलं हे?” “त्याच दिवशी,” मी म्हणालो.