ताठ बसू नका

मुलांनो, तुमच्या आजोबांना अधूनमधून चक्कर येत होती, पण डॉक्टरांसमोर कधीच नाही. त्यांचे रिपोर्ट घ्यायला आम्ही सीवूड्सच्या लॅबमध्ये गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर्व्हरवरची फाइल उघडत नाहीये. मधूनच असं स्लो होतं.”

तेवढ्यात दुरुस्तीवाला आला. चष्मा कपाळावर, खिशात स्क्रूड्रायव्हर. तो तिच्या शेजारी उभा राहिला, तर फाइली भराभर उघडायला लागल्या.

“बघा ना, तुमी आलात की बरं नीट चालतं!” ती वैतागली.

कॉम्प्युटरला हात न लावता तो आमच्या बाकावर येऊन बसला. “ताई, मी आलोय म्हणून ताठ बसू नका. रोजच्यासारख्या रेलून बसा.”

ती लाजत रेलली. खुर्ची मागे सरकली, चाक जमिनीवरच्या नेटवर्कच्या वायरवर चढलं आणि फाइल अडकली. त्याने वायर बदलली, भिंतीच्या कडेने नेली, रुमालाला हात पुसले आणि निघून गेला.

रिपोर्टमध्ये काहीच वाईट निघालं नाही. तरी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “चक्कर नेमकी कधी येते?”

आजोबा सावरून बसले. “छे, मी ठणठणीत!”

“अहो, ताठ बसू नका,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खांदे सैल सोडले. “शुगरची गोळी उपाशीपोटीच घेऊन फिरायला जातो. तिथे येते.”

आता आजोबा आधी पोहे खातात, मग गोळी. चक्कर गेली. त्या दुरुस्तीवाल्याला मात्र हे कधीच कळणार नाही.