खिडकीपाशचं स्टूल

सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात खिडकीपाशी एक लोखंडी स्टूल आहे. आईला भरती केल्यापासून मी ते रिकामंच पाहत होते. ते कुणासाठी ठेवलंय, हे काल दुपारी कळलं.

कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई गेली. तिच्या छातीवर दाब देऊन देऊन दमलेली तरुण सिस्टर तशीच ट्रे उचलून आईला सलाईन लावायला आली. आईच्या शिरा आधीच लवकर सापडत नाहीत, त्यात हिचे हात थरथरत होते. मी काही बोलणार, तोच इन्चार्ज सिस्टरांनी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला.

"आधी स्टुलावर बस. चहा घे. आपल्या वॉर्डाची रीत माहितीये ना?"

"पण मावशींची सुई..."

"घे गं चहा," आईच म्हणाली. "माझी शीर कुठं पळून जातेय!"

ती बसली, रडली, आणि चहा संपवला. या दवाखान्यात पंखे कुरकुरतात, निम्मी औषधं बाहेरून आणावी लागतात. तरी इथली माणसं बरी होऊन घरी जातात, ती उगीच नाही. जे हात दुसऱ्याला सावरतात, त्यांनाही कुणीतरी सावरावं लागतं. एवढी साधी गोष्ट भल्याभल्या इस्पितळांना सुचत नाही.

मग उठून तिने हात धुतले. सुई पहिल्याच खेपेला लागली. आईने स्वतःच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्या पोरीकडेच बघत होती.

"साखर होती ना गं चहात?" तिने विचारलं.