वाऱ्याशी वैर

गादीकाकांनी उभ्या आयुष्यात दुकानात पंखा लावला नाही. गाद्या भरणाऱ्याच्या दुकानात पंखा म्हणजे मांजराकडे दुधाची राखण. एक झुळूक आली की पिंजलेला कापूस थेट छताला. म्हणून खिडक्या बंद, तोंडाला फडकं, आणि वडिलांनी लहानपणीच दिलेला धडा: कापूस उडाला की ओठ मिटायचे, दम धरायचा, ढीग खाली बसला की मगच श्वास घ्यायचा.

एवढं सांभाळूनही फुप्फुसं कामातून गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, आजार मुरलेला आहे, पण हिंडतेफिरते राहा. हिंडणार कुठे? घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आधी दुकान सुटलं, मग बाजार, मग फाटकापर्यंतची फेरी. काकू पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायच्या. वारा बाधेल म्हणून खिडकी लावलेली, पंखा बंद. काका म्हणायचे, "इतक्या गाद्या भरल्या, आता मलाच खोळीत घालून टाके मारलेत."

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. पडून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. तिला जिना चढवत नव्हता, ह्यांना उतरवत नव्हता. मधे एक गल्ली, पण दोघांची भेट फोनवर. महिनाअखेर भाची तिला आपल्या गावी कायमची नेणार होती.

"उतरतोस का मी वर येऊ?" ताई फोनवर विचारायची. "मला उचलायला चौघं लागतील. तुझ्या जिन्यात आम्ही मावणार नाही."

काकांनी डॉक्टरांच्या मागे लागून व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी बोलावल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी खुर्ची उचलून पलीकडे ठेवायला सांगितली. काकांनी उचलली, ठेवली आणि भिंतीला टेकून धापा टाकू लागले.

"काका, खुर्ची उचलताना तुम्ही श्वास रोखलात."

"छे."

"परत उचला. काकू, तुम्ही बघा."

काकूंनी पाहिलं. "अहो, ओठ शिवल्यासारखे मिटलेत तुमचे. हे दुकानातलं खूळ आहे तुमचं."

बाईंनी समजावलं की आत हवा येत नाही असं वाटतं खरं, पण आधीची शिळी हवाच पुरती बाहेर गेलेली नसते. "भरलेल्या उशीत आणखी कापूस कोंबला तर?"

"शिवण उसवेल," काका म्हणाले. "आधी उपसायला हवा."

"मग उपसा. जोर लावताना ओठांचा चंबू करून फुंकर सोडा, सावकाश. पाऊल वर टाकताना फुंकर. रोखायचं नाही." आणि पिशवीतून त्यांनी सेलवर चालणारा मुठीएवढा पंखा काढला. "धाप लागली की हा तोंडासमोर धरा. गालांना वारा लागला की जीव घाबरा होणं कमी होतं."

"पंखा? मी?"

"धरा हो," काकू म्हणाल्या. "इथे काही कापूस नाही उडायचा."

काकांनी तो वैऱ्यासारखाच हातात घेतला. पण धाप खरंच लवकर उतरली. मग बाई येत राहिल्या. काका आधी खोलीतल्या खोलीत, मग दारापर्यंत, मग एक मजला उतरून चढू लागले. काकूंनी आपण होऊन खिडकी उघडली, आणि जिन्याच्या वळणावर टेकायला म्हणून काकांनीच भरलेली एक जुनी उशी नेऊन ठेवली.

ताईच्या जायच्या दिवशी काका पायरीपायरीनं खाली गेले. गल्ली ओलांडून बहिणीच्या पलंगावर टेकले.

"हातात काय खेळणं आहे?" ताईनं विचारलं.

"पंखा."

"वडील असते तर हाकलून दिलं असतं तुला." तिनं त्यांचा हात धरून ठेवला. बोलायचं खूप होतं, पण भाचीचं सामान बांधून झालं होतं. "जा आता. मला चौघं उचलून गाडीत घालतील ते बघू नकोस. गाडी निघताना वर खिडकीत उभा राहा. मी काचेतून बघीन."

परत चढताना सगळं नीट चाललं होतं. पाऊल, फुंकर. पाऊल, फुंकर. काकू मागून येत होत्या. एवढ्यात बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि काकांचं भान हरपलं म्हणा ना. कठडा धरून ते भराभरा चढू लागले, ओठ घट्ट मिटून, दम धरून, जणू सगळ्या जिन्यात कापूस उडाला होता. वळणावर पाय थांबले. छाती गच्च झाली. ते उशीवर बसले ते उठेचनात. तिथे खिडकी नाही. तिन्ही बाजूंना भिंती आणि वर आणखी जिना.

काकूंनी पंखा सुरू करून त्यांच्या तोंडासमोर धरला. काकांनी तो काढून घेतला आणि बोटानं वर खूण केली.

"तुम्हाला असं टाकून?"

त्यांनी पुन्हा वर खूण केली. काकू धावत गेल्या.

काका भिंतीला पाठ लावून फुंकर सोडत राहिले. गाडीचा आवाज वाढला, वळला, लांब गेला, आणि गल्लीत पुन्हा सामसूम झाली. बऱ्याच वेळानं दोन शब्दांपुरता दम जमला.

"दिसली का?"

"दिसली," काकू वरून उतरत म्हणाल्या. "काच खाली करून विचारत होती, तो कुठेय."

"मग?"

"म्हटलं, येतायत. वाटेत आहेत."