पाण्यात पडलेला ठिपका

चूक माझी होती. तक्त्याची नव्हती, नकाशाची नव्हती, कार्यालयाच्या पद्धतीचीही नव्हती. या तिघांच्या आड मी बराच काळ उभा राहिलो, म्हणून हे आधी लिहितो.

सत्तरच्या दशकात माझी बदली कलकत्त्याला झाली. पिनकोड तेव्हा नवीन होते. नवी आरोग्यकेंद्रं कुठे काढायची हे ठरवण्यासाठी आमच्या कार्यालयाने प्रत्येक पिनकोडचे अक्षांश-रेखांश घेऊन नकाशावर एकेक ठिपका धरला होता. ठिपका जुन्या इस्पितळाच्या ठरावीक अंतरात पडला, की तो भाग यादीतून बाद. ठिपके पक्के करणं माझ्याकडे होतं.

दोन ठिकाणांहून दोन तक्ते आले आणि ते जुळेनात. बराकपूरकडच्या एका पिनकोडचे ठिपके तर एकमेकांपासून काही मैल लांब. एक स्टेशनजवळ, दुसरा पूर्वेला, मोठ्या बिलाच्या, म्हणजे तिकडच्या पाणथळ तळ्याच्या पलीकडे. असं का, हे मी शोधलं नाही. वरिष्ठ म्हणाले, "अहो, शनिवारी तक्ता द्यायचाय. दोघांचंही मन राखा की!" मी दोन्हींची सरासरी काढली आणि सही केली. नवा ठिपका जुन्या इस्पितळाच्या अंतरात पडला आणि तो भाग बाद झाला.

पत्नीची एक मैत्रीण कलकत्त्यातच जन्मलेली मराठी नर्स होती. बिलापलीकडच्या निर्वासितांच्या वस्तीत ती दर आठवड्याला जायची. केंद्र येणार म्हणून लोकांनी शाळेची एक खोली चुन्याने रंगवून ठेवली होती. केंद्र नामंजूर झालं तेव्हा ती आमच्या बालीगंजच्या घरी आली.

"भाऊजी, इस्पितळ आम्हाला जवळ आहे म्हणे! कुणी मोजलं हो?"

"नियमच आहे तसा," मी म्हणालो.

"मग नियमाला सांगा, पावसाळ्यात एक अडलेली बाई घेऊन ये म्हणावं तिकडून. चहा मी पाजते."

पत्नी हसली. मीही हसलो.

त्याच पावसाळ्यात वस्तीतली एक अडलेली बाई इस्पितळाकडे येताना, बिल ओलांडतानाच नावेत गेली. पोटातलं मूलही. नर्सने हे आमच्या दारात उभ्याउभ्याच सांगितलं आणि ती आत न येता निघून गेली.

तेव्हापासून मला साठलेलं पाणी बघवेना. न्हाणीघरातल्या बादलीच्या तळाशी काळा ठिपका दिसे. बादली उपडी करावी, तर तो ओल्या फरशीवर. पत्नीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे स्वच्छ होते.

अखेर एका रविवारी दोन्ही तक्ते आणि नकाशा घेऊन मी एकटाच गेलो. स्टेशनजवळचा ठिपका म्हणजे पोस्ट ऑफिस निघालं. दुसरा होता त्या पिनकोडच्या सगळ्या हद्दीचा मध्य, वस्तीला लागूनच. एकाने टपाल कुठून वाटलं जातं ते धरलं होतं, दुसऱ्याने ते कुठवर जातं ते. दोन्ही तक्ते बरोबर होते. दोन खऱ्या जागांच्या मधोमध मी एक खोटी जागा तयार केली होती.

नकाशावर ती जागा बिलाच्या पाण्यात येत होती; ती बघायला मी एक नाव भाड्याने घेतली. "थांबा, इथेच," मी म्हणालो.

नावाडी वल्हं थांबवून बघत राहिला. "इथे? बाबू, इथे कोण राहतं?"

पाणी हलत नव्हतं. खाली कुणीतरी श्वास रोखून बसलंय, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

सोमवारी वरिष्ठांना सगळं लेखी दिलं. केंद्राचा प्रस्ताव पुन्हा पुढे सरकला. पण जी गेली ती गेलीच होती. मी नर्सला खरं सांगितलं. तिने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, भाऊजी? चला."

त्या बाईचा नवरा अंगणात शिवणयंत्रावर बसला होता. त्याने बसायला वेताचा मोढा पुढे केला. मी बसलो नाही. नर्स मध्ये दुभाषी झाली नाही. माझ्या मोडक्या बंगालीत मीच म्हणालो, "तुमच्या वस्तीची जागा मी चुकीची लावली. इस्पितळ जवळ दिसलं ते माझ्यामुळे. मला तेव्हाच शोधता आलं असतं, मी शोधलं नाही. मला क्षमा करा."