नासलेलं आधण

गुऱ्हाळावर काहिलीतला उसाचा रस आटून घट्ट व्हायला आला की सटवाजीमामा सगळ्यांना गप्प करायचे. चरकाचे बैल थांबवायचे, चुलवाणात जाळ घालणाऱ्या गड्याला हाताने खूण करायची, आणि एवढं करूनही कुणी बोलत राहिलं तर त्याच्या आईबापाचा उद्धार व्हायचा. मग पळीभर पाक गार पाण्यात सोडून त्याची गोळी वळायची आणि ती पितळी परातीवर आपटायची. टण् असा आवाज आला की काहील उतरायची. "तिला बोलू द्या की रं," ते म्हणायचे, "तुमचं बोलनं रोजचंच हाय." काहील त्यांच्या लेखी बाई होती, आणि तीही मानी बाई.

उंच, काळा माणूस. जाळापुढे उभं राहून भुवया जळाल्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायम आश्चर्य असल्यासारखं दिसायचं. फेटा मात्र पांढराशुभ्र. गुऱ्हाळावर आलेल्या प्रत्येकाचे कपडे चिकट व्हायचे, मामांच्या फेट्यावर थेंब पडायचा नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःच लोकांना दाखवायचे. गूळ करणाऱ्याला गुळव्या म्हणतात; आपल्या या कामाचा त्यांना गर्व होता आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा विठ्ठलकाकांनी गाडीभर ऊस आणून टाकला. मामांनी एक कांडं हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"इठ्ठलराव, ऊस आनला का वासे?"

"कामून? रस निघनार न्हाई का?"

"निघंल की. बैलाच्या डोळ्यातून निघंल."

विठ्ठलकाका ऊस परत घेऊन गेले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोच ऊस घेऊन हजर, कारण मामांसारखा गूळ त्या वाशांमधून दुसऱ्या कुणाच्या हातून निघाला नसता.

आमचं गाव गंगाखेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. नदीकाठचे मळे उसाचे. पण लोखंडी चरक, काहील, बैलांच्या जोड्या हे सगळं एकट्या घराला झेपत नसे. म्हणून लोक उभा ऊस व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. व्यापारी त्याचा गूळ करायचा आणि आमच्याच बायका दिवाळीला तो गूळ त्याच्याकडून विकत आणायच्या. मोठ्या लढाईच्या दिवसांत साखर मिळेनाशी झाली, गुळाला मागणी आली, तेव्हा मामांनी पारावर विषय काढला. चार घरांनी ऊस आणि बैल घालायचे, चरक सगळ्यांनी मिळून घ्यायचा, काहील मामांची आणि हात मामांचा. रोजमजुरी नको, पाचवा वाटा द्या, असं त्यांनी मागितलं. निजामी मुलखात भागीदारीला सरकत म्हणत, भागीदाराला सरकती. आमची सरकत अशी उभी राहिली. चार घरांतलं एक घर आमचं, एक विठ्ठलकाकांचं.

मी परभणीला उर्दू शाळेत शिकलेला, म्हणून माल विकायचं काम माझ्याकडे आलं. ढेपा घेऊन मी गंगाखेडहून रेल्वेने परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारात, जायचो. पहिल्या खेपेला आडत्याने ढेपेकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. परत येऊन मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याचं काय चुकलं? ढेप कुनाची ते ढेपंनं सांगाय पायजे." सुताराकडून त्यांनी लाकडात मोर कोरून घेतला आणि ढेप गरम असतानाच तिच्यावर तो दाबायला सुरुवात केली. सुंठ आणि विलायची घालून लहान वड्या करायची कल्पनाही त्यांचीच. शहरातल्या बाईला ढेप फोडायला वेळ कुठला, असं त्यांचं म्हणणं, जरी शहर त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं. दोन हंगामांत मोंढ्यात लोक मोराचा गूळ मागू लागले. आडत्या मला चहा पाजू लागला. वड्या हैदराबादेपर्यंत जाऊ लागल्या, आणि गावात उभा ऊस विकणं कमीपणाचं झालं.

मग स्वातंत्र्यानंतरचा तो हिवाळा आला. हैदराबाद संस्थानात ज्यांनी तो हिवाळा काढला त्यांना वेगळं सांगायला नको. निजामाच्या पाठीराख्यांच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. निजामाचा महसूल बुडावा म्हणून मी आणि माझ्या सोबत्यांनी सरकारी शिंदीची झाडं तोडली होती आणि माझं नाव फुटलं होतं. एका दुपारी टोळी वेशीतून आत शिरल्याचं कळलं, तसा मी मागच्या दाराने मळ्याकडे पळालो. सगळ्यात जवळ गुऱ्हाळ होतं. विठ्ठलकाका आणि गडी शेताच्या पलीकडच्या टोकाला ऊस भरत होते. काहिलीपाशी मामा एकटेच.

"काय रं, कुत्रं लागलं का मागं?"

"यायलेत मामा," एवढंच मला बोलता आलं.

कोण, कशाला, काहीही त्यांनी विचारलं नाही. चुलवाणाशेजारी वाळलेल्या चिपाडांचा गंज होता, त्याच्याकडे बोट केलं. "शिर. आन खोकलास तर त्यांच्या आधी मीच मारीन."

मी आत शिरलो. त्यांनी वरून चिपाडं ओढली. थोड्या वेळात विठ्ठलकाका आणि गडी गाडी घेऊन आले आणि त्यांच्या पाठोपाठ टोळी.

"क्यों रे, इधर से कोई भागा क्या?" एकाने विचारलं.

"सायब, ह्या ऊसवाल्यांच्या जाचानं मीच एक दिस भागनार हाय," मामांचा आवाज आला. "बसा. थंडी लय हाय. रस घ्या."

ते बसले. मामा हसत होते, त्यांना हसवत होते, गरम गूळ पानावर वाढत होते. गुऱ्हाळावर आलेल्याला रस द्यायचाच, ही गावाची रीत. पण असं हसून द्यायचं कुणी सांगितलं नव्हतं. काहिलीतला रस ऐन उकळीला आला होता. जाळ घालणारा गडी चिपाडं घ्यायला गंजाकडे वळला. त्याच्या पायांचा आवाज माझ्या डोक्यापाशी आला.

"थांब," मामा म्हणाले. "जाळ लय झाला."

गडी गोंधळला. जाळ लय झाला नव्हता, कमी झाला होता. पण गुऱ्हाळावर वाळलेल्या चिपाडांचा तो एकच गंज होता. बाकीची ओली होती.

"अवो सटवाजी, जाळ इझायलाय," विठ्ठलकाका म्हणाले.

"इझू द्या."

"आरं माझा ऊस हाय त्यो!"

"ठाव हाय तुमचा ऊस. बसा गप. पाव्हने आलेत."

टोळीवाले हसले. मी चिपाडांत तोंड दाबून पडलो होतो. काहिलीचा आवाज ऐकू येत होता. आधी खदखद, मग अधूनमधून एखादा बुडबुडा, मग तेही नाही. पाक अर्ध्यावर गार झाला की पुन्हा कितीही जाळ घाला, गूळ बसत नाही, हे मला माहीत होतं. मामांना माझ्याहून जास्त माहीत होतं. त्या माणसाने उभ्या जन्मात काहिलीतल्या रसाचं एक आधण नासवलं नव्हतं.

टोळी गेली. विठ्ठलकाका तोंडाला येईल ते बोलले. मामांनी त्यांना आणि गड्याला बैल घेऊन पाण्यावर पाठवलं आणि मग मला बाहेर काढलं. मी काहिलीकडे पाहिलं. काळपट, मेलेला पाक होता.

"मामा, आधण..."

"गेलं. तू तर हाईस ना?" मग ते खाली बसले. "ऐक. तू इथं व्हतास हे मी बोलनार न्हाई. बोललो तर उद्या तुझ्या बापाला धरतेल. तू परत आला की तूच सांग समद्यांला. मी सांगून कुनाला खरं वाटंल? गुळव्या आपली चूक झाकायलाय म्हनतेल."

"सांगतो," मी म्हणालो.

मी नदी उतरून गेलो आणि सरहद्दीपलीकडे, माझ्यासारख्या निसटून आलेल्यांच्या छावणीत पोचलो. तिथे रोज कुणी ना कुणी आपली सुटकेची हकीकत सांगायचा. कुणी गोळी चुकवलेली, कुणी कोठडीची भिंत फोडलेली. माझ्यावर पाळी आली तेव्हा चिपाडांत लपलो, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी म्हणालो, दिवसभर गळ्याइतक्या पाण्यात डोहात उभा होतो, लव्हाळ्याच्या आड, आणि काठावरून ते शोधत होते. हकीकत चांगली वठली. मी ती पुन्हा सांगितली.

इकडे गावात विठ्ठलकाकांनी मामांचं न ऐकता नासलेल्या पाकाच्या ढेपा भरल्या, त्यावर मोर दाबला आणि परभणीला पाठवल्या. मोंढ्यात ऊन लागताच त्या पाघळून पोत्यांतून वाहू लागल्या. आडत्याने निरोप पाठवला, तुमचा मोर वितळला. मागणी थांबली. कारण गावाच्या डोळ्यांसमोर होतं: सटवाजी टोळीवाल्यांची सरबराई करत बसला आणि त्याने आधण नासवलं. मामांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. ते माझी वाट पाहत होते.

भाद्रपदात संस्थान संपलं आणि मी परतलो. डोहाची हकीकत माझ्या आधी गावात पोचली होती. वेशीत हार घातले. आईने डोळ्यांना पदर लावला. त्या गर्दीत मामा मागे उभे होते. त्यांनी हात वर केला. मीही केला.

दिवाळीनंतर पारावर सरकतीची बैठक बसली. मला मधोमध बसवलं. विठ्ठलकाकांनी सरळ सांगितलं की यंदा गुळव्या बाहेरून आणायचा, सटवाजीचा वाटा बंद. "टोळीला रस पाजनारा आमच्यात नको. नरूभाऊ, तुमी तर तवा डोहात जीव मुठीत धरून व्हता, आन ह्यो हिकडं त्यांच्यासंगं हसायलाय!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मामाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या अडखळणाऱ्या पोराला आठवण करून द्यावी तशा आवाजात ते म्हणाले, "डोहाचं पानी लय गार आसंल ना वो भाऊ, तवा?"

वाट त्यांनी करून दिली होती. मला फक्त नाही म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "हो. फार गार होतं."

मामांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग उठून धोतर झटकलं. "मंग माझं बोलायचं काई ऱ्हायलं न्हाई," म्हणाले आणि पार उतरून गेले. आठवडा झाला नसेल, बायकोला आणि लहान पोरीला गाडीत बसवून, काहील पालथी घालून ते गाव सोडून गेले. पुढे कुठकुठल्या गुऱ्हाळांवर रोजाने राबले आणि तसेच वारले, असं ऐकलं. नव्या गुळव्याचा गूळ मोंढ्यात कुणी उचलला नाही. हंगाम सरता सरता सरकत मोडली, आणि पुन्हा उभा ऊस व्यापाऱ्याच्या दारी गेला. तेव्हापासून गावात चार माणसं मिळून काही करू म्हणाली, मग दुधाची डेअरी असो की डाळीची गिरणी, की कुणीतरी हसून विचारतं, "सटवाजीची सरकत करायची का?" माझ्या देखत किती वेळा विचारलं गेलं असेल! मी मान खाली घालून ऐकत आलो.

यंदा गावातल्या काही तरुणांनी एकत्र येऊन बिनरसायनाचा गूळ करायचं ठरवलं. पारावर बैठक होती, मान म्हणून मला बोलावलं. विठ्ठलकाकांच्या नातवाने पहिला नियम वाचला: गुळव्याला वाटा द्यायचा नाही, रोजावर ठेवायचा, मागचा अनुभव आपल्याला माहीत आहे. मी काठी टेकून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डोह खोटा, चिपाडं खरी, आधण माझ्यापायी नासलं.

मग टाळ्या वाजल्या.

"आबा, तुमचं मन लय मोठं," विठ्ठलकाकांचा नातू म्हणाला. "मेलेल्या मानसाची चूक सोताच्या अंगावर घ्यायलात." त्याने मला धरून खाली बसवलं, पाणी दिलं, आणि नियम मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मी वालूरला गेलो. मामांची मुलगी ठकूबाई तिथे दिलेली. गाडीत बसून गेलेली ती लहान पोर आता माझ्याइतकीच म्हातारी दिसते. ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. तिने ओळखलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच पारावरची हकीकत सांगितली.

"बानं आमाला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "शेवटपतुर म्हनायचा, नरूभाऊ सांगंल." सूप चालूच होतं. "मंग? लोक काय म्हनले?"

"कुणाला खरं वाटलं नाही. आता लिहून ठेवणार आहे."

"तुमी त्यांला काय म्हनून सांगितलं? माझा बा कोन व्हता म्हनून?"

"सटवाजी गुळव्या."

तिने सूप खाली ठेवलं.

"गुळव्या रोजानं मिळतो काका. माझा बा सरकती व्हता. तेवडं तरी नीट लिवा."