कुर्र करायला शिर्डीमार्गे

आमचं नाशिकहून बंगळूरला जाणारं विमान कंपनीने उचललं आणि नेमकं बारशाच्या दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवलं. वर मेसेजमध्ये 'आपल्या सोयीसाठी' असंही लिहिलं. माझं डोकंच फिरलं.

बारसं माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं आणि मी तिची एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात नाव सांगून 'कुर्र' करायचं ते आत्याने, आणि त्यासाठी जमलेल्या बायकांचे धपाटे पाठीत खायचे तेही आत्यानेच. नाव आमच्या आईचं ठेवायचं ठरलं होतं. आई गेल्यापासून ते नाव घरात कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. ते दुसऱ्या कुणी सांगावं, हे मला सहनच झालं नसतं.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, व्हिडिओ कॉल करू. मी मोबाइल तिच्या कानाशी धरतो."

"आणि धपाटे कुणाला घालाल? मोबाइलला?"

"बरं, मग मुंबईहून ये. घाटात अडकली नाहीस, पुढे ट्रॅफिक लागला नाही, तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीला बारसं म्हणजे काय इथपासून हिंदीत सगळं ऐकवलं आणि काहीतरी चांगला पर्याय द्या म्हणून तावातावाने भांडले. माझा आवाज जितका चढला, तितक्याच गोडव्याने ती म्हणत राहिली, "मैम, अगले दिन की सीट कन्फर्म है."

माझ्याबरोबर सासूबाईही येणार होत्या. त्या शेजारीच गोदाकाठच्या बाजारातून आणलेली गवार निवडत हे सगळं ऐकत होत्या.

"अगं, गंगेवरच्या बाजारात 'चांगली मेथी द्या' म्हटलं की काय हाती येतं? वरची सुकलेली जुडी. आपण बोट दाखवायचं, ती खालची द्या म्हणून. आणि जरा आवाज खाली ठेव."

मग मी स्वतःच शोधायला बसले. त्याच कंपनीचं एक विमान शिर्डीहून होतं, आणि तेही बारशाच्या आदल्या दिवशी! शिर्डीला आम्ही उठसूट जातो, पण हात जोडायला. तिथे विमानतळही आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुन्हा फोन लावला. या वेळी एक मुलगा होता. आवाजात साखर घोळून मी विमानाचा नंबरच सांगितला. "बदल आपने किया है, तो हम दोनों को यह वाली दे दीजिए."

"मैम, आप तो नासिक से हैं. शिर्डी चलेगा?"

"दौड़ेगा!"

त्याने बराच वेळ तीच ती धून ऐकवली आणि मग तिकिटं बदलून दिली, जादा काही न घेता. मी त्याला इतके आशीर्वाद दिले की शेवटी तोच घाईघाईने फोन ठेवून मोकळा झाला.

शिर्डीला शिखराला लांबूनच नमस्कार करून आम्ही विमानात बसलो. दुसऱ्या दिवशी बंगळूरला पाळण्याशी मी वाकले. भाचीचा कान केवढासा होता! एवढी भांडून आलेली मी, पण ऐन वेळी माझा आवाजच फुटेना. आईला नावाने हाक मारायची वेळ जन्मात आली नव्हती.

तेवढ्यात सासूबाईंचा एक सणसणीत धपाटा पाठीत बसला आणि आईचं नाव बाहेर पडलं.